नव्या पिकअपचा चेक लाइट: सेन्सर बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर

हार घालून शोरूममधून आणलेली पिकअप. दोन-चार हजार किलोमीटर होत नाहीत तोच मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गाडीत माल भरलेला, समोर घाट आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी गाडी ओढत नाही. सर्व्हिस सेंटरला नेली की स्कॅनर लावतात, ‘सेन्सरचा एरर आहे’ म्हणतात, कोड पुसतात आणि गाडी परत देतात. आठवड्याभरात दिवा पुन्हा हजर. तोवर ठरलेली भाडी दुसऱ्याच्या गाडीला जातात, आणि बँकेचा हप्ता मात्र त्याच तारखेला खात्यातून कापला जातो.

या सगळ्यात मालकाच्या हाती बहुधा एकही कागद राहत नाही. कोडचा नंबर कुणी लिहून दिलेला नसतो आणि जॉब कार्डवर ‘जनरल चेकअप’ एवढंच असतं. खरं तर बिघाड शोधायला मेकॅनिकला जी नोंद लागते, तीच नोंद पुढे वॉरंटीसाठी आणि वेळ आलीच तर ग्राहक आयोगातही लागते. म्हणून दिवा लागल्याच्या पहिल्या दिवसापासून काय पाहायचं, काय लिहून ठेवायचं आणि काय मागायचं, हे क्रमाने पाहू.

नव्या गाडीतच बिघाड का?

यंत्रांच्या आयुष्यात बिघाडांचे दोन मोठे काळ असतात: अगदी सुरुवातीचा आणि अगदी शेवटचा. सुरुवातीचे बिघाड कारखान्यातल्या चुकांचे असतात. कुठे कपलर पूर्ण बसलेला नसतो, कुठे अर्थिंगचा बोल्ट सैल राहिलेला असतो, कुठे वायर ब्रॅकेटला घासत असते, तर कुठे सेन्सरच सदोष निघतो. पहिले काही हजार किलोमीटर खड्डे, धक्के आणि इंजिनाची उष्णता सोसल्यावर ही कच्ची कामं उघडी पडतात.

त्यात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाल्यावर डिझेल गाडीवरची पाळत फार वाढली. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ आला, काही गाड्यांमध्ये युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकीही आली. या सगळ्यावर नजर ठेवायला तापमान, दाब आणि वायू मोजणारे सेन्सर वाढले. १ एप्रिल २०२३ पासून दुसरा टप्पा लागू झाला आणि गाडी रस्त्यावर धावत असतानाचं प्रदूषणही निकषांत मोजलं जाऊ लागलं. सेन्सर आणि त्यांच्या वायरिंगचे सांधे वाढले, तशी बिघडण्याच्या जागांचीही भर पडली.

आधी दिव्याचा रंग पाहा

लाल दिवा, म्हणजे ऑइलचा दाब किंवा इंजिनाचं तापमान दाखवणारा, लागला तर गाडी सुरक्षित जागी घ्या आणि इंजिन बंद करा. ‘पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ’ या विचाराने नवं इंजिन जाम झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

पिवळा चेक लाइट लागला, पण गाडीची ताकद, आवाज आणि तापमान नेहमीसारखं असेल, तर सावकाश चालवत ठिकाणावर पोहोचता येतं. मात्र दिव्याबरोबर गाडी ओढेनाशी झाली, आरपीएम ठरावीक आकड्याच्या पुढे जाईना, तर गाडी ‘लिंप मोड’मध्ये गेली असं समजा. इंजिनाला इजा होऊ नये म्हणून ईसीएमने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाने, स्वतःहून ताकद कमी केलेली असते. अशा अवस्थेत भरल्या गाडीने घाट चढू नका. कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सला फोन करा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या.

दिवा लागला त्याच क्षणी मीटरचा फोटो काढा. किलोमीटर, तारीख आणि दिवा एकाच फोटोत यायला हवेत. सोबत चार ओळी लिहा: गाडी भरलेली होती की रिकामी, चढ होता की सपाट, इंजिन गार होतं की तापलेलं, पाऊस होता का, आदल्या दिवशी गाडी धुतली होती का, डिझेल कुठल्या पंपावर भरलं. मेकॅनिकचा निम्मा वेळ या चार ओळी वाचवतात.

कोड वाचा, पण पुसू नका

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं, त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा साधा स्कॅनर तिथे लावला की कोड वाचता येतात. तो महागडा नसतो. मात्र काम झालं की काढून ठेवा, कायम लावून ठेवल्यास बॅटरी उतरते.

इंजिनाचा प्रत्येक कोड ‘पी’ या अक्षराने सुरू होतो, पुढे चार आकडे असतात. पी० आणि पी२ ने सुरू होणाऱ्या कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांत सारखा असतो. पी१ चे कोड कंपनीचे स्वतःचे, त्यांचा अर्थ कंपनीच्याच स्कॅनरवर नीट कळतो.

कोडइतकीच महत्त्वाची असते ‘फ्रीझ फ्रेम’. दोष पकडला त्या क्षणी आरपीएम किती होता, वेग किती, इंजिन किती तापलं होतं, लोड किती होता, याची नोंद ईसीएम साठवून ठेवतो. कोड पुसला की ही नोंदही जाते. म्हणून सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी स्वतः ‘इरेज’ मारू नका आणि गल्लीतल्या वायरमनलाही मारू देऊ नका.

दिवा आपोआप विझला, तरी निर्धास्त होऊ नका. पुष्कळसे दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत (इंजिन चालू करून बंद करेपर्यंत एक फेरी) आढळले तरच दिवा लागतो, आणि लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की तो विझतो. कोड मात्र साधारण चाळीस वेळा इंजिन गार होऊन पुन्हा तापेपर्यंत मेमरीत राहतो. दिवा विझलेल्या गाडीचाही कोड वाचता येतो तो यामुळेच.

आणखी एक उपयोगाची नोंद म्हणजे ‘कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर’. बहुतेक ॲपमध्ये ती दिसते. सर्व्हिस सेंटरने ‘काहीच सापडलं नाही’ म्हणून गाडी परत दिली आणि हा आकडा शून्याच्या जवळ असेल, तर तिथे कोड पुसला गेला आहे हे उघड होतं. मग कुठला कोड होता, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

कोड नेमकं काय सांगतो?

इथेच सर्वांत जास्त पैसे आणि दिवस वाया जातात. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं की सेन्सर बदलायचा, असा सोपा हिशेब केला जातो. प्रत्यक्षात कोड दोन जातींचे असतात.

पहिली जात ‘सर्किट’ची. सेन्सरकडून येणारा विजेचा संकेत अशक्य पातळीवर गेला आहे, असं ईसीएम सांगतो. उदाहरणार्थ, पी०११८ म्हणजे कूलंट तापमानाच्या सेन्सरचा संकेत वाजवीपेक्षा वर गेला. या सेन्सरची वायर तुटली किंवा कपलर निघाला, तर स्कॅनरवर इंजिनाचं तापमान उणे ४० अंश दिसतं. महाराष्ट्रात हे शक्यच नाही, म्हणजे दोष वायर, कपलर किंवा सेन्सर या तिघांतच आहे. डिझेलचा दाब मोजणाऱ्या रेल प्रेशर सेन्सरचा पी०१९३ आणि इंजिनाचं फिरणं मोजणाऱ्या क्रँक सेन्सरचा पी०३३५ हेही याच जातीचे.

दुसरी जात ‘कामगिरी’ची. पी०४०१ म्हणजे धुरातला काही भाग इंजिनात परत पाठवणाऱ्या ईजीआरमधून पुरेसा वायू जात नाही. पी२४६३ म्हणजे डीपीएफमध्ये काजळी फार साठली. या कोडमागे सेन्सर बहुधा धडधाकट असतो आणि खरी बातमी देत असतो. तिथे सेन्सर बदलला तर दिवा काही दिवस विझेल आणि पुन्हा लागेल.

म्हणून सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराला सरळ विचारा: ‘हा सर्किटचा कोड आहे की कामगिरीचा? वायर आणि कपलर तपासले का? तपासल्यावर किती व्होल्ट आले?’ बरेचसे सेन्सर ईसीएमकडून येणाऱ्या ५ व्होल्टवर चालतात. एका सेन्सरमध्ये शॉर्ट झालं की तीच लाइन वापरणारे दुसरे सेन्सरही कोड देऊ लागतात. एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले, तर सगळे एकाच दिवशी गेले असं मानण्याऐवजी सामाईक वायर, अर्थिंग आणि बॅटरी आधी पाहायला सांगा.

नेहमी दिसणारी लक्षणं अशी:

- क्रँक सेन्सर: इंजिन तापल्यावर गाडी अचानक बंद पडते, गार झाल्यावर चालू होते. स्टार्टर फिरत असताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल, तर संशय याच्यावर.
- रेल प्रेशर सेन्सर: गाडी उशिरा चालू होते, चढावर अचानक ताकद जाते. मात्र चोंदलेला डिझेल फिल्टर आणि डिझेलमधलं पाणी हीच लक्षणं देतात, म्हणून फिल्टर आधी.
- हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर: गाडीची ओढ मार खाते, ॲव्हरेज घटतं. एअर फिल्टर कॉम्प्रेसरच्या हवेने जोरात झटकला की त्याचा कागद फाटतो, धूळ थेट सेन्सरवर बसते.
- डीपीएफचा दाब सेन्सर: त्याच्या बारीक नळ्या निघाल्या किंवा चोंदल्या तरी आकडे चुकतात.
- धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा नॉक्स सेन्सर (युरियाची टाकी असलेल्या गाडीत): द्रावणात भेसळ असली किंवा टाकी कोरडी पडली तरी याचे कोड येतात. या द्रावणात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. शेतीचा युरिया विरघळवून घरी बनवलेलं द्रावण वापरू नका.

घरच्या घरी तीन चाचण्या

हातात साधा स्कॅनर असेल तर सेन्सर खरं बोलतो की नाही, हे सकाळी पाच मिनिटांत कळतं. गाडी रात्रभर उभी हवी. चावी ‘ऑन’ करा, इंजिन चालू करू नका.

पहिली, तापमानाची. कूलंट, आत येणारी हवा आणि बाहेरची हवा यांचे आकडे चार-पाच अंशांच्या फरकाने सारखे दिसायला हवेत. एखादाच आकडा पंधरा-वीस अंशांनी वेगळा असेल तर त्या सेन्सरकडे लक्ष द्या.

दुसरी, हवेच्या दाबाची. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डचा दाब सेन्सर वातावरणाचाच दाब दाखवतो. मुंबईत तो सुमारे १०१ किलोपास्कल असतो, पुण्यात साधारण ९५, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. पुण्यात उभी असलेली गाडी ८० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर तपासायला हवी.

तिसरी, डीपीएफची. इंजिन बंद असताना फिल्टरच्या दोन टोकांमधल्या दाबाचा फरक शून्याजवळ हवा. तिथे मोठा आकडा दिसला तर सेन्सर किंवा वायरिंगवर संशय घ्यायला जागा आहे.

तिन्ही पडद्यांचे स्क्रीनशॉट ठेवा. गाडी ताब्यात घेतल्यावर, सगळं ठीक असतानाच एकदा हे आकडे साठवून ठेवले, तर पुढे तुलनेला ते सोन्यासारखे उपयोगी पडतात.

आपल्याच हातून होणारे बिघाड

वॉरंटी नाकारताना सर्व्हिस सेंटर ज्या कारणांकडे बोट दाखवतं, त्यातली काही खरोखर आपली असतात.

नव्या पिकअपच्या हौद्यावर आपण अँगल, जाळी किंवा ताडपत्रीचे पाइप वेल्ड करून घेतो. वेल्डिंगचा प्रवाह चॅसीमधून परत जाताना ईसीएम आणि सेन्सरमध्ये शिरू शकतो. वेल्डिंगच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा. बॉडी बिल्डरचं पक्कं बिलही ठेवा.

एलईडी पट्ट्या, मोठे हॉर्न आणि म्युझिक सिस्टिमसाठी मूळ वायर सोलून जोड मारू नका. रिले आणि फ्यूज असलेली वेगळी लाइन थेट बॅटरीवरून घ्या. वॉशिंग सेंटरला इंजिनावर जोराच्या पाण्याचा झोत मारू देऊ नका, कारण कपलरमध्ये शिरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी कोड म्हणून बाहेर येतं. धान्य, पेंड, भाजी वाहणाऱ्या गाडीत उंदीर हमखास शिरतात. हौदा रोज झाडा, बॉनेट आठवड्यातून एकदा उघडून वायरिंग पाहा. कुरतडलेली वायर सहसा वॉरंटीत बसत नाही.

डीपीएफचं गणित वेगळं. साठलेली काजळी जाळायला फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो. शेत ते बाजार समिती असा पाच-सात किलोमीटरचा फेरा आणि मग रांगेत तासभर चालू इंजिन, असा दिनक्रम असेल तर ही साफसफाई पूर्ण होत नाही. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं एकसारख्या वेगाने गाडी चालवा. उभ्या गाडीचा आरपीएम वाढलेला, पंखा जोरात आणि उष्ण वास येतोय, असं दिसलं तर सफाई चालू आहे असं समजून इंजिन लगेच बंद करू नका. त्या वेळी गाडी पाचट, कडबा किंवा वाळल्या गवतावर उभी नको, आग लागू शकते. डीपीएफ काढून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतील. तसं करणं बेकायदेशीर आहे आणि वॉरंटीवर पाणी सोडण्यासारखंही.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर

जॉब कार्ड उघडताना तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा: ‘चेक लाइट लागतो, भरल्या गाडीला चढावर ताकद जाते, अमुक तारखेला अमुक किलोमीटरवर.’ सही करण्याआधी वाचा. गाडी सोडताना आणि परत घेताना, दोन्ही तारखा त्यावर हव्यात.

परत घेताना चार गोष्टी मागा: स्कॅन रिपोर्टची प्रिंट किंवा फोटो, केलेल्या तपासणीचं वर्णन, बदललेल्या पार्टचा नंबर आणि शून्य रकमेचं का होईना, बिल. ‘वॉरंटीत आहे, बिल कशाला?’ हे उत्तर घेऊ नका. तोच सेन्सर दुसऱ्यांदा गेला हे सिद्ध करायला पहिल्या वेळचा कागद लागतोच. ताबा घेण्याआधी सल्लागाराला सोबत बसवून, शक्यतो भरलेल्या गाडीने चढावर चक्कर मारा. रिकामी गाडी आवारात फिरवून हा दोष दिसत नाही.

ईसीएमचं सॉफ्टवेअर अपडेट आलं आहे का, हेही विचारा. काही वेळा सेन्सर ठीक असतो, पण सॉफ्टवेअरने ठरवलेली मर्यादा फार कडक असते. कंपनी ती सुधारून नवी आवृत्ती पाठवते, पण डीलर स्वतःहून सांगेलच असं नाही.

आपल्या गाडीवर रिकॉल आहे का, ते चॅसी नंबर टाकून कंपनीच्या वेबसाइटवर पाहा. २०२१ साली महिंद्राने जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळात बनलेल्या २९,८७८ पिकअप फ्लुइड पाइपच्या जोडणीतल्या संशयित दोषासाठी परत बोलावून तपासल्या होत्या. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ११०-अ नुसार सुरक्षेला किंवा पर्यावरणाला बाधक दोष असलेली वाहनं परत बोलावण्याचा आदेश सरकारही कंपनीला देऊ शकतं.

तोच दोष पुन्हा पुन्हा आला तर

दुसऱ्या दुरुस्तीनंतरही दिवा लागला की तोंडी तक्रार थांबवा. डीलर आणि कंपनी या दोघांना एकच ईमेल करा. तारखा, किलोमीटर, कोड, जॉब कार्डचे नंबर आणि गाडी किती दिवस उभी राहिली, हे एका तक्त्यात द्या. कंपनीच्या इंजिनिअरकडून तपासणी मागा आणि उत्तरासाठी मुदत घाला.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पन्नास लाखांपर्यंत किंमत दिलेल्या वस्तूची तक्रार तिथे चालते आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे ती तुमच्या राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते, शोरूमच्या गावी जावं लागत नाही. दिलेली किंमत पाच ते दहा लाख असेल तर फी २०० रुपये, दहा ते वीस लाख असेल तर ४०० रुपये. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची, ती वाटाघाटींत घालवू नका.

पिकअप मालकाला इथे एक आक्षेप हमखास ऐकावा लागतो: ‘गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहक नाही.’ कायद्यात त्याला अपवाद आहे. स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स खटल्यात १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने, स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा हा ग्राहकच, असं उदाहरणासह सांगितलं आहे. मदतीला एखाददुसरा माणूस ठेवला म्हणून हे संरक्षण जात नाही. पगारी ड्रायव्हर ठेवून पाच-सहा गाड्या भाड्याने फिरवणाऱ्याची गोष्ट वेगळी. म्हणून आपलं लायसन्स, गाडी आपणच चालवतो याचे पुरावे, भाड्याच्या पावत्या आणि कर्जाचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवा. बुडालेल्या भाड्याची भरपाई वॉरंटीत सहसा मिळत नाही, आयोगाकडे मात्र मागता येते, आणि तीही या पावत्यांच्याच आधारावर.

दोष आयोगात सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागू शकतो. वस्तूची तपासणी करून घेण्याचा अधिकार आयोगाला आहे. म्हणून प्रकरण दाखल करायचं ठरलं की बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी उघडू नका. मूळ अवस्था बदलली की दोष कुणाचा, हे ठरवणं अवघड होतं.

वॉरंटी संपण्याआधी

वॉरंटीची मुदत वर्षं किंवा किलोमीटर, यांतलं जे आधी पूर्ण होईल तिथे संपते. रोज भाडी मारणाऱ्या पिकअपचे किलोमीटर बहुधा आधी भरतात. ते संपायला महिना-दीड महिना उरला असताना सर्व्हिस सेंटरला लेखी विनंती करून संपूर्ण स्कॅन करून घ्या: मेमरीतले जुने कोड, दिव्यापर्यंत न पोहोचलेले कोड, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि सगळ्या सेन्सरचे चालू आकडे. काही सापडलं तर त्याच दिवशी, मुदतीच्या आत, जॉब कार्ड उघडा. मुदतीत नोंदवलेली तक्रार पुढे लांबली तरी ती मुदतीतलीच आहे, असं तुम्हाला तारखेनिशी दाखवता येतं. त्या तारखेनंतर लागलेल्या दिव्याचा खर्च मात्र बहुधा तुमच्याच खिशातून जातो.